पुराणभूगोलाचे वाचन : मेरू, लंका आणि चाकणचे चाक

१

चाकण, आळंदी, देहू आणि चिंचवड ही चार स्थाने एकमेकांपासून एका दिवसाच्या पायी अंतरात आहेत. १९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, १९८२ साली पिंपरी-चिंचवडला महानगरपालिका मिळाली आणि पुढे वाहनउद्योग चाकणपर्यंत पसरला. या क्रमात हा टापू कारखान्यांचा टापू म्हणून ओळखला जाऊ लागला. परंतु या चारही स्थानांना आणखी एक, फार जुना पत्ता आहे. चाकणच्या चक्रेश्वराविषयी अशी आख्यायिका आहे की, दशरथाच्या रथाचे चाक तेथे पडले व त्यावरूनच गावाला नाव मिळाले. आळंदीला वारकरी परंपरा 'अलंकापुरी' म्हणते आणि ते नाव ऐकताच कुबेराच्या अलकेची आठवण होते. देहूहून तुकोबा वैकुंठाला गेले अशी श्रद्धा आहे. चिंचवडच्या मोरया गोसावींची परंपरा ज्या मोरगावशी बांधलेली आहे, त्या क्षेत्राला गाणपत्य संप्रदायात 'भूस्वानंद' अशी संज्ञा आहे. स्वानंदलोक हा गणेशाचा लोक.

पुराणातील स्थळ आणि भूमीवरील स्थळ यांचा संबंध या चार ठिकाणी चार प्रकारांनी जोडला गेला आहे. तरीही या विषयावरील चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरत राहते : ते स्थळ खरोखर कोठे होते? या प्रश्नाचा मोह मोठा आहे आणि त्यामागे थोर विद्वत्ताही उभी राहिलेली आहे. त्यामुळे तो हसण्यावारी नेऊन भागत नाही. तो कोणत्या गृहीतकांवर उभा आहे, त्यातून संहितेचे कोणते वाचन सिद्ध होते आणि कोणते अशक्य होते, हे तपासणे अगत्याचे ठरते.

२

हा मोह केवळ भारतीय नाही. आइसलंडमधील स्नोरी स्टर्लुसन याने तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात नॉर्स देवकथांचे संकलन केले. आसगार्ड, योटुनहाइम, वानाहाइम, निफ्लहाइम या लोकांविषयी आज जे ज्ञात आहे, त्यातील मोठा भाग त्याच्या ग्रंथामुळे टिकला. याच स्नोरीने आपल्या 'एड्डा'च्या प्रस्तावनेत या देवांचे मूळ ट्रॉयशी जोडले, आणि 'इंग्लिंग सागा'मध्ये आसगार्ड हे डॉन नदीच्या पूर्वेस असलेले नगर ठरवून वानांचा प्रदेश त्या नदीच्या मुखाशी नेला. त्याच्या हाती मुख्य दुवा होता नादसाम्याचा : देवगणाचे नाव 'एसिर' आणि भूखंडाचे नाव 'एशिया'.

स्नोरी ख्रिस्ती होता. पूर्वजांच्या देवांना देव मानणे त्याला शक्य नव्हते आणि त्यांच्या कथा टाकून देणेही त्याच्यातील कवीला मानवत नव्हते. देव हे मुळात पूर्वेकडून आलेले पराक्रमी राजे होते असे म्हटले, की श्रद्धेला बाध न येता कथा सांगता येत होत्या. ग्रीक लेखक युहेमेरस याने इसवी सनापूर्वी तीनशेच्या सुमारास मांडलेली ही युक्ती स्नोरीच्या हाती कथारक्षणाचे साधन ठरली. म्हणजे स्थाननिश्चिती ही भूगोलाची कृती दिसत असली तरी तिचे कार्य वाङ्मयीन होते. सतराव्या शतकात स्वीडनच्या ओलोफ रुडबेकने 'अटलांटिका' या ग्रंथात प्लेटोचे अटलांटिस स्वीडनमध्येच असल्याचे सिद्ध करण्याचा प्रचंड खटाटोप केला, तेव्हा मात्र तीच कृती राष्ट्रगौरवाच्या कामी आली. आणि १८६२ साली विन्ये या नॉर्वेजियन कवीने आपल्या देशातील एका पर्वतप्रदेशाला 'योटुनहाइमेन' हे नाव दिले, तेव्हा दिशाच उलटली : कथेचे स्थळ नकाशावर शोधण्याऐवजी नकाशावरील स्थळाला कथेतून नाव मिळाले. आज एखाद्या प्रवाशाला त्या पर्वतांत राक्षसांचे मूळ घर सापडल्यासारखे वाटले, तर तो एका कवीच्या नामकरणाला प्राचीन पुरावा समजत आहे असेच म्हणावे लागेल.

ही तिन्ही उदाहरणे एक गोष्ट सुचवितात. 'स्थळ कोठे?' या प्रश्नाआधी 'ते शोधण्याची गरज कोणाला, केव्हा व कशासाठी पडली?' हा प्रश्न विचारला पाहिजे.

३

मराठी विद्याव्यवहारात या प्रश्नाचे सर्वांत भव्य उत्तर लोकमान्य टिळकांनी दिले. १९०३ साली पुण्यातून प्रसिद्ध झालेल्या 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' या इंग्रजी ग्रंथात त्यांनी आर्यांचे मूलस्थान उत्तर ध्रुवप्रदेशात असल्याचा सिद्धान्त मांडला. बोस्टनच्या वॉरेन यांचा 'पॅरडाइज फाउंड' हा ग्रंथ १८८५ साली आला होता; मानवजातीचे आदिस्थान ध्रुवावर असल्याचे त्यात प्रतिपादन होते. ऱ्हीस यांच्या केल्टिक दैवतकथांवरील व्याख्यानांचाही आधार टिळकांनी घेतला आणि वैदिक व अवेस्तातील सामग्रीला युरोपीय दैवतकथांची जोड दिली. मेरूपर्वत आणि उत्तरेकडील देवकथा अशा रीतीने एकाच नकाशावर आल्या.

टिळकांच्या पद्धतीचे वेगळेपण लक्षात घेतले पाहिजे. स्नोरीप्रमाणे ते नादसाम्यावर विसंबत नाहीत. ध्रुवावर आणि ध्रुवालगतच्या प्रदेशात आकाश कसे दिसेल, तारे क्षितिजाला समांतर कसे फिरतील, दिवस व रात्र किती लांब असेल, उषा किती काळ टिकेल, यांची लक्षणे ते आधी निश्चित करतात आणि मग संहितेत ती लक्षणे शोधतात. माणसांचे एक वर्ष म्हणजे देवांचा एक दिवस हे तैत्तिरीय ब्राह्मणातील विधान, वेंदिदादमधील यिमाच्या वाड्यात वर्ष हे दिवसासारखे वाटते हा उल्लेख, उषा आणि सूर्योदय यांच्यामध्ये अनेक दिवस लोटल्याचा ऋग्वेदातील निर्देश, हे सर्व त्यांच्या हाती साक्षीदार होतात. वकिलाच्या शिस्तीने केलेली ही उलटतपासणी आजही वाचनीय आहे.

परंतु साक्षीदाराचे म्हणणे नेहमी प्रत्यक्षदर्शीचेच असते का? येथे सिद्धान्तज्योतिषाचा विचार करावा लागतो. 'सूर्यसिद्धान्ता'त मेरू ध्रुवावर आहे आणि तेथील देवांना सहा महिने सूर्य दिसतो. हे सांगण्यासाठी कोणी ध्रुवावर जाऊन आले नव्हते. पृथ्वीचा गोल आणि सूर्याची गती मानली की ते गणिताने निष्पन्न होते. याच पद्धतीत लंका ही विषुववृत्तावर, उज्जयिनीच्या रेखावृत्तावर कल्पिलेली असते. श्रीलंका बेट विषुववृत्तावर नाही व उज्जयिनीच्या रेषेतही नाही, याने ज्योतिषाचे काहीच बिघडत नाही, कारण ती लंका हा निर्देशबिंदू आहे. वैदिक वाङ्मय या गणितापूर्वीचे आहे, हे टिळकांचे उत्तर कालदृष्ट्या योग्य असले तरी पुरेसे नाही. देव आणि माणसे यांच्या कालमानांत प्रमाण कल्पिणे ही विश्वरचनेची कल्पना आहे. तिला अनुभवाची स्मृती मानण्यासाठी स्वतंत्र पुरावा हवा. उषेचे अनेकवचनही रोज नव्याने येणाऱ्या उषांची मालिका म्हणून वाचता येते.

भूविज्ञानाची बाजू तर पुढे अधिकच प्रतिकूल झाली. ध्रुवप्रदेश सौम्य व वसतियोग्य होता असा आंतरहिमकाल टिळकांना अभिप्रेत होता आणि अखेरच्या हिमयुगाने तेथील लोकांना बाहेर काढले अशी त्यांची मांडणी होती. आजच्या ज्ञानानुसार अखेरचा आंतरहिमकाल संपून एक लाखाहून अधिक वर्षे झाली. इंडो-युरोपीय भाषाकुलाच्या मूळ भाषेचा काळ काही सहस्र वर्षांपलीकडे नेता येत नाही. या दोन कालमानांत सेतू बांधणे अशक्य आहे.

तरीही ग्रंथाचे महत्त्व संपत नाही. युरोपीय पंडित भारतीयांच्या पूर्वजांचे घर ठरवीत होते, त्या काळात टिळकांनी त्याच पंडितांच्या साधनांनी ते घर ठरविण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. त्यांच्या ग्रंथाचा सर्वांत बोलका प्रतिसाद पुण्यातीलच नारायण भवानराव पावगी यांच्या १९१५ सालच्या इंग्रजी ग्रंथात मिळतो. पावगींनी आर्यांचे मूलस्थान सप्तसिंधूंत ठेवले आणि ध्रुवप्रदेशाला त्यांची वसाहत केले. उत्तर ध्रुवाची स्मृती दोघांनाही मान्य. फक्त बाणाची दिशा उलटी. एकाच सामग्रीतून 'घर' आणि 'वसाहत' हे दोन्ही निष्कर्ष निघू शकतात, तेव्हा निष्कर्षाचा भार सामग्रीवर नसून वाचकाच्या अपेक्षेवर आहे हे उघड होते.

४

दुसरे मोठे उदाहरण रामायणातील लंकेचे. इंदूरचे सरदार माधवराव किबे, १९२६ च्या मुंबई साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, यांनी रावणाची लंका मध्य भारतात, अमरकंटकाच्या परिसरात असल्याचे प्रतिपादन केले. रायबहादूर हिरालाल यांचा कल त्याच बाजूस होता. १९४० साली परमशिव अय्यर यांनी ती जबलपूरजवळ आणली. पुढे डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया यांनी १९७३ च्या आपल्या रामायणविषयक पुस्तकात याच दिशेचा पुरस्कार केला. युद्धवर्णनात येणारा शालवृक्ष मध्य व पूर्व भारतातील अरण्यांत वाढतो, हा त्यांच्या आधारांपैकी एक.

सांकलियांचे स्थान येथे विशेष आहे. नेवासे आणि नावडाटोली येथील उत्खननांशी ज्यांचे नाव निगडित आहे, त्या पुरातत्त्वज्ञाला मातीच्या थरांप्रमाणे संहितेचेही थर दिसत होते, आणि रामायणाची आजची संहिता हळूहळू वाढत गेली हे त्यांनी स्पष्ट केले. परंतु एकदा संहिता थरांची आहे असे मानले, की एका थरातील वृक्षावरून दुसऱ्या थरातील नगरीचा पत्ता काढता येत नाही. शालवृक्ष कवीच्या परिचयाचा होता एवढेच त्यावरून सिद्ध होते. तो पुरावा लंकेचा नसून कवीच्या प्रदेशाचा आहे.

शिवाय पुराणभूगोलातील स्थळे एकेकटी नसतात. लंका अमरकंटकाला नेली, की नाशिकच्या पंचवटीची अडचण होते. चित्रकूटाहून निघालेला राम नैर्ऋत्येस गोदावरीकाठी येऊन पुन्हा ईशान्येस वळला असे मानावे लागते, किंवा पंचवटीही हलवावी लागते. एक नाव हलले की साखळीतील सर्व नावे हलतात. याचे कारण असे की, काव्यातील भूगोल ही परस्परसंबंधांची व्यवस्था असते. अयोध्येपासून लंकेकडे जाणारा मार्ग हा नगरापासून अरण्याकडे, ज्ञाताकडून अज्ञाताकडे, मर्यादेकडून अमर्यादाकडे जाणारा मार्ग आहे. लंका 'दूर' आणि 'पलीकडे' असणे हे तिचे काव्यातील कार्य आहे. कोसांच्या मोजणीत ते कार्य हरवते.

५

या पार्श्वभूमीवर चाकणच्या चाकाकडे वळावे. कैकेयीला वर मिळाले त्या युद्धाचे वर्णन वाल्मीकीच्या अयोध्याकांडात येते. ते युद्ध दक्षिण दिशेला, दंडकाच्या बाजूस, वैजयंत नावाच्या नगरापाशी झाले. कैकेयीने मूर्च्छित दशरथाला रणांगणातून दूर नेले असे तेथे आहे. चाकाच्या आसात हात घालण्याचा प्रसंग नंतरच्या कथनपरंपरेतला आहे.

आता एखाद्या उत्साही संशोधकाला येथे किती सुंदर सिद्धान्त उभा करता येईल, ते पाहावे. युद्ध दंडकात झाले. महाराष्ट्राला दंडकारण्य मानण्याची परंपरा आहे. इंद्रायणीच्या वरच्या खोऱ्यातील कार्ले येथील चैत्यगृहात इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या लेखात वैजयंतीचे नाव प्रत्यक्ष येते. त्याच परिसरात चाकणला रथाचे चाक पडल्याची आख्यायिका जिवंत आहे. ग्रंथ, शिलालेख आणि लोककथा या तिन्ही साक्षी एकाच खोऱ्यात!

पण यातील प्रत्येक पायरी निसटती आहे. कार्ल्याच्या लेखातील वैजयंती हे दात्याच्या गावाचे नाव आहे. भूतपाल नावाचा श्रेष्ठी तेथून आला होता आणि त्याने हे शैलगृह पूर्ण केल्याचे लेख सांगतो. ही वैजयंती म्हणजे कर्नाटकातील बनवासी, असे सामान्यतः मानले जाते. म्हणजे लेख वैजयंतीला कार्ल्यात ठेवत नाही, उलट ती येथून दूर असल्याचेच सांगतो. चाकाची कथा वाल्मीकीच्या वैजयंताविषयी काही बोलत नाही. तिला त्या नगराशी देणेघेणे नाही. आणि 'चक्र'पासून 'चाकण' ही व्युत्पत्ती नावातून कथा निर्माण झाल्याची शक्यता तितक्याच जोराने सुचविते. तीन साक्षी एकत्र दिसतात, कारण त्यांना एकत्र आणणारा वाचक आधीच निष्कर्षापाशी जाऊन उभा राहिलेला असतो.

मग ही आख्यायिका खोटी म्हणून सोडून द्यावी का? तसे करणे हीसुद्धा तीच चूक ठरेल, कारण त्यातही कथेला भूगोलाचे विधान मानलेले असते. चाकणच्या कथेने केलेले काम वेगळे आहे. महाकाव्यातील एक मोकळी जागा, दक्षिणेकडील एक अस्पष्ट रणांगण, तिने हेरली आणि तेथे आपले गाव ठेवले. कथेच्या केंद्रस्थानी राजा नाही, राणीही नाही. गळून पडलेली एक वस्तू आहे. महाकाव्य पुढे निघून गेले आणि त्याचा एक अवशेष मागे राहिला, तो आमच्यापाशी आहे, असे ही कथा म्हणते. केंद्रापासून दूर असलेल्या वस्तीने महाकाव्याशी जोडलेले हे नाते विनम्र आहे आणि ठामही आहे. वाहनांच्या कारखान्यांनी वेढलेल्या आजच्या चाकणमध्ये त्या चाकाला नवा अर्थ चिकटणे स्वाभाविक आहे, आणि अभ्यासकाने तोही नोंदवावा. कथेचा इतिहास तिच्या उगमाशी संपत नाही.

६

उरलेल्या तीन स्थानांचे संबंध तर स्थाननिश्चितीच्या चौकटीत बसतच नाहीत. मोरगाव 'भूस्वानंद' आहे, पंढरपूर 'भूवैकुंठ' आहे. येथील 'भू' हा शब्द निर्णायक आहे. पंढरपूर म्हणजेच पुराणातील वैकुंठ होय, असे त्यात म्हटलेले नाही. वैकुंठ आपल्या जागी आहेच. त्याचे भूमीवरील रूप येथे आहे. मूळ आणि प्रतिरूप यांचे हे नाते समीकरणाचे नसून अवतरणाचे आहे. म्हणूनच 'दक्षिण काशी' अनेक असू शकतात आणि त्यांच्यात वाद उद्भवण्याचे कारण नसते. लंका मात्र एकच असावी लागते. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी 'कनेक्टेड प्लेसेस' या २००३ च्या ग्रंथात महाराष्ट्रातील स्थळे यात्रांनी व अशा प्रतिरूपांनी परस्परांशी कशी जोडली जातात याचा विस्ताराने विचार केला आहे. आळंदीच्या 'अलंकापुरी'कडेही याच दृष्टीने पाहता येईल. अलका आणि अलंकापुरी यांच्या नादसाम्यातून कोणी कुबेराची नगरी इंद्रायणीकाठी सिद्ध करू पाहिलेली नाही. नावाने गावाला अलंकृत केले, एवढेच.

देहूचा संबंध आणखी निराळा. देहू हे वैकुंठ नव्हे आणि त्याचे प्रतिरूपही नव्हे. तो वैकुंठाचा उंबरठा आहे. १६५० साली तुकोबा येथून गेले असे मानले जाते, आणि दरवर्षी फाल्गुन वद्य द्वितीयेला लोक जमतात ते त्या निघण्याच्या जागी. पलीकडचे स्थळ कोठे आहे हे सांगण्याची येथे गरजच पडत नाही. अलीकडची जागा नेमकी ठाऊक असणे पुरेसे असते.

नेमकेपणाची ही ओढ मराठी परंपरेला अपरिचित नाही. मुनिव्यासांच्या नावावर असलेली महानुभावांची 'स्थानपोथी' चक्रधरांच्या सान्निध्याने पावन झालेल्या जागा दिशा आणि वास्तू यांच्या तपशिलासह नोंदविते. तेथे स्थाननिश्चितीला पूर्ण अर्थ आहे, कारण एका ऐतिहासिक पुरुषाच्या पावलांची ती नोंद आहे. यावरून असे दिसते की, कोणते स्थळ मोजायचे आणि कोणते मोजायचे नाही, याचा विवेक त्या परंपरेपाशी होता. तो विवेक आधुनिक काळात क्षीण झाला. विज्ञानाचा आदर वाढल्याने जे मोजता येत नाही ते खोटे ठरेल अशी भीती निर्माण झाली, आणि त्या भीतीपोटी कल्पनेची स्थळेही मोजणीस काढली गेली.

७

या सर्वात पणाला लागते ते काय? एक तर संहिता. मेरू हा ध्रुव ठरला की मेरूविषयीची सारी वर्णने निरीक्षणाच्या नोंदी होतात आणि त्यांतील कल्पकता ही विकृती ठरते. दुसरे, स्वतः भूमी. नाशिकच्या लेण्यांना 'पांडवलेणी' म्हणण्याचा प्रघात आहे. त्या नावातून नंतरच्या लोकांनी त्या भव्य कृतींचा कर्ता कोण मानला हे कळते आणि तेवढ्यापुरते ते मोलाचे आहे. पण तेथील भिंतींवर सातवाहन आणि क्षहरात दात्यांनी आपली नावे कोरून ठेवली आहेत. पांडवांचे नाव पुरावा म्हणून घेतले, तर ज्यांनी दान दिले त्यांचीच नावे पुसली जातात. दा. ध. कोसंबी यांनी 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या १९६२ च्या ग्रंथात पुण्याच्या परिसरातील पायवाटा, ग्रामदेवता आणि सूक्ष्मपाषाणास्त्रे यांचा मागोवा घेतला; रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या १९८४ च्या ग्रंथात स्थलमाहात्म्यांचे थर उलगडले. दोघांच्या भूमिका भिन्न असल्या तरी दिशा समान आहे. ते स्थळापासून कथेकडे जातात आणि ही कथा या जागी का रुजली असे विचारतात. कथेपासून निघून स्थळाकडे जाणाऱ्याला मात्र जे सापडायचे ते आधीच ठाऊक असते.

भूसंपादनाने, सपाटीकरणाने आणि वसाहतींनी रूप पालटलेल्या पट्ट्यात हा फरक केवळ पद्धतीचा राहत नाही. टेकडीचे मोल तिच्याविषयीचा पौराणिक दावा सिद्ध होण्यावर अवलंबून ठेवले, तर दावा कोसळताच टेकडीही निरुपयोगी ठरते, आणि जिच्याविषयी दावाच नाही तिची बाजू घेण्यास कोणी उरत नाही. उलट कथा, वहिवाट, यात्रा, लेख आणि अवशेष यांतील प्रत्येकाला त्याच्या जातीचा पुरावा मानले, तर चक्रेश्वराची कथा रामायणाच्या भूगोलाविषयी काही सिद्ध न करताही जतन करण्याजोगी राहते. वैजयंतीहून आलेला भूतपाल आपले नाव आणि गाव स्पष्टपणे नोंदवून गेला. त्याच परिसरातील चाकाच्या कथेने कोणाचेही नाव मागे ठेवलेले नाही. पहिल्याकडून इतिहास मागावा. दुसरीला, तिच्या गावाने जगाच्या आख्यानात स्वतःसाठी कोणती जागा मागितली, हे विचारावे.